एकोणिसावा सेकंद

पडद्यावर उमटलेल्या नावाकडे तिघे पाहत होते आणि तिघांपैकी कुणीही ते मोठ्याने वाचत नव्हते. खिडकीबाहेर बेदाण्याच्या शेडवरची हिरवी जाळी वाऱ्याने फुगत होती, बसत होती. तेवढीच काय ती हालचाल. तासगावच्या त्या सांगड केंद्राला शांतता नवी नव्हती, पण एरवी ती नाव येण्याआधीची असे. नाव आले की लोक सुटकेने बोलू लागत, पाणी मागत, कुणी पडद्यालाच हात जोडत. आज नाव येऊन गेले होते आणि शांतता विरजणासारखी घट्ट होत चालली होती.

डॉ. तस्लीम मुजावर. किरणोपचार. मिरज.

"जवळच आलं की," समुपदेशक नंदिनी कांबळे अखेर म्हणाल्या. "परवा कवठ्याच्या एका काकांना थेट गोंदिया आलं. तुम्हाला आपलं मिरज म्हणजे..." समोरच्या जोडप्याचे चेहरे पाहून त्यांनी वाक्य तिथेच सोडले. "ओळखीच्या आहेत का डॉक्टर?"

वैजयंता मोहितेने पडद्यावरून नजर हलवली नाही. तिच्या नवऱ्याने, हिंदुरावांनी, घसा साफ केला. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. कुठल्याही शांततेत नकाशा टांगायची त्यांना सवय होती.

"ओळख म्हणजे कसं हाय बाई, आमचं लग्न झाल्यापासनं या डॉक्टर आमच्या ताटाला ताट लावून जेवत्यात. स्वतः तेवढ्या येत न्हाईत."

"अहो, पुरे," वैजयंता म्हणाली.

सांगडला या जेवणाची काहीच कल्पना नव्हती. रुग्णाला डॉक्टर जुळवून देणाऱ्या या संगणक-यंत्रणेला माणसांतली नाती कळत नसत. तिला हात कळत. किरणोपचाराचा डॉक्टर रुग्णाच्या चित्रावर एक रेषा काढतो: किरण इथवर जाईल, इथून पुढे नाही. एकच चित्र दहा डॉक्टरांपुढे ठेवा, दहा रेषा निघतील. कुणी उदार, कुणी कंजूष, कुणी काळजाच्या बाजूला घाबरून आत वळणारा. त्यातली एकही चूक नसते; अक्षरासारखी ज्याची त्याची वळणे असतात. राज्यातल्या चारशे किरणोपचार डॉक्टरांची दहा-दहा वर्षांची वळणे सांगडने पाठ केली होती: रेषा, वेळ, धीर, घाई. मग ती रुग्णाचा एक प्रतिदेह घडवी, चित्रांपासून आणि सात दिवस छातीला बांधलेल्या श्वासपट्ट्याच्या नोंदींपासून. त्या प्रतिदेहावर चारशे डॉक्टर, प्रत्येकी हजार वेळा, उपचार करत. ज्याच्या हातून रोगाची जागा पुरती भाजली जाई आणि निरोगी शरीर सर्वांत कमी दुखावले जाई, त्याचे नाव पडद्यावर येई.

पूर्वी असा आजार कळला की डॉक्टर शोधणे हे अख्ख्या गोताचे काम असे. कुणाचा साडू, कुणाच्या व्याह्यांची सून, "माझं नाव सांगा" म्हणणारी माणसे. हिंदुरावांचे थोरले बंधू जन्मभर "पुण्यात आपला माणूस आहे" या एका वाक्यावर मानाने जगले. सांगड आल्यापासून ते ओसरीवर गप्प बसून असत. त्यांचा माणूस पुण्यात अजून होता. त्याची गरज मात्र कुणालाच उरली नव्हती.

"दुसरं नाव असतं ना?" वैजयंताने विचारले.

"असतं. एकदा नाकारता येतं." नंदिनीताईंनी पडदा सरकवला. "नागपूरचे डॉक्टर आहेत. चांगलेच आहेत. पण हे बघा." त्यांनी दोन आकडे दाखवले. वैजयंताची कर्करोगाची गाठ डाव्या स्तनातली. शस्त्रक्रियेत ती निघाली होती. मागे राहिलेले बीज जाळण्यासाठी आता किरण हवे होते. आणि डाव्या छातीच्या मागे हृदय असते. "मुजावर मॅडमच्या हातून हृदयाला शंभरातला एक भाग पोचतो. नागपूरच्या हातून सहा. सहा म्हणजे लगेच काही होत नाही. पण दहा-पंधरा वर्षांनी हृदय थकायला लागतं. घरात बसून असणाऱ्या बाईला मी म्हटलं असतं, चालेल. तुम्ही तर मैदानावर असता."

"मला एक पाहिजे," हिंदुराव म्हणाले, जणू त्यांचेच हृदय होते. एका अर्थी ते खरेही होते.

वैजयंता आकड्यांकडे पाहत नव्हती. टेबलावर श्वासपट्ट्याच्या आलेखाचा कागद पडला होता. दम रोखून धरा, असे सांगितल्यावर सात दिवसांत काढलेल्या चाळीस रेषा त्यावर होत्या. रेषा चढे, सपाट होई, पठारासारखी पसरे. आणि प्रत्येक पठाराच्या मधोमध, एकोणिसाव्या सेकंदाला, एक बारीकशी खाच होती. नंदिनीताईंनी तिकडे बोट केले. "ही थरथर आहे हो. यंत्रात येते कधीकधी."

वैजयंताने मान हलवली. ती थरथर नव्हती. ती काय होती, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि दुसऱ्या एका माणसाने ते एकोणचाळीस वर्षांपूर्वी भर मैदानात ओरडून सांगितले होते.

"आठ दिवसांत कळवते," ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

*

दोन हजार चार साल. सांगलीत जिल्हा अजिंक्यपदाचा महिला कबड्डीचा अंतिम सामना. तासगाव विरुद्ध मिरज. शेवटची चढाई, एका गुणाची पिछाडी, आणि चढाईला वैजयंता सूर्यवंशी, वय वीस. तिने दोघींना स्पर्श केला आणि परत झेपावली. बोटे मध्यरेषेला टेकली तेव्हा ती "कबड्डी कबड्डी" म्हणतच होती; निदान साऱ्या मैदानाने तसे ऐकले. पण त्याआधीच मिरजेच्या बचावातून एक तीक्ष्ण आवाज आला होता: "पंच, दम तुटला." पंचांनी शिट्टी फुंकली. ती बाद. तासगाव हरले.

ओरडणारी होती तस्लीम मुजावर, वैद्यकीय शिक्षण घेणारी, मिरजेची कोपरा सांभाळणारी खेळाडू. नंतर ती डॉक्टर झाली. वैजयंता लग्न करून मोहित्यांची झाली, क्रीडाशिक्षक झाली, मुलींचा संघ घडवू लागली. तो सामना मात्र संपला नाही. लग्नाच्या पहिल्या रात्री हिंदुरावांना तो ऐकावा लागला. नंतर पाहुण्यांना, मग मुलाला, मग सुनेला. "माझा दम तुटला नव्हता," या वाक्यावर ती एकोणचाळीस वर्षे उभी होती आणि त्या उंचीवरून तिने शेकडो मुलींना शिकवले होते. कबड्डीत आता घड्याळे आली, चटईखाली संवेदक आले, दमाकडे कुणी फारसे पाहत नसे. तिच्या मैदानावर मात्र दम हाच देव. "हरा," ती म्हणे, "पण दम चोरू नका. चोरलेला श्वास अंगी लागत नाही."

आणि तिचा श्वास चोरलेला होता.

हे तिने स्वतःशीही कधी पूर्ण वाक्यात म्हटले नव्हते. बारा वर्षांची असताना आई तिला चुलीपुढे बसवी. ओली लाकडे, फुंकणी, डोळ्यांत धूर. फुंकणी ओठांपासून हलली की निखारा मरतो. म्हणून ती फुंकता फुंकताच नाकाने श्वासाचा एक घोट ओढायला शिकली. फुंकर थांबत नसे, श्वास मात्र आत येई. पुढे कबड्डीत आवाज थांबला नाही आणि श्वास आत येत राहिला. कुणालाही न ऐकू येणारा. लबाडी म्हणून ती तो शिकली नव्हती, हे खरे. तो सोडून द्यायला ती कधी शिकली नाही, हेही तितकेच खरे.

हिंदुरावांना वाटत होते की आडवा येतो आहे तो अहंकार. ते चार दिवस त्याच्याशी भांडत राहिले.

"आगं, भांडण हाय तर हाय. किरणाला काय माहीत तुमचं भांडण?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाई कळू दे. पण शंभरात एक आणि शंभरात सहा, एवढं गणित भूगोलवाल्याला बी येतं."

तिला भीती वाटत होती ती वेगळीच. नागपूरचा डॉक्टर खाचेकडे पाहून थरथर म्हणेल. तस्लीम म्हणणार नाही. तस्लीम ती वाचील, आणि एका वाक्यात एकोणचाळीस वर्षांचे तासगाव जमीनदोस्त होईल.

पाचव्या दिवशी सकाळी मैदानावर कोमल खराडे नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीची चढाई चालू होती. पोरगी चपळ, पाऱ्यासारखी. बावीस सेकंद झाले, आणि वैजयंताला तिच्या नाकपुड्या किंचित फुललेल्या दिसल्या. तिने शिट्टी फुंकली.

"चोरलास."

"नाही ताई."

"चोरलास. पाच फेऱ्या."

"ताई, आईशप्पथ चोरला नाही." मुलीचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. वैजयंता त्या हनुवटीकडे पाहत राहिली. ती हनुवटी तिने एकोणचाळीस वर्षे रोज आरशात पाहिली होती. ती इतकी केविलवाणी दिसते हे मात्र आजच कळले. कोमल धावायला लागली. तिसऱ्या फेरीला वैजयंताने तिला थांबवले, पाणी दिले आणि घरी आली.

"इस्त्रीचा शर्ट काढा," ती हिंदुरावांना म्हणाली. "मिरजेला जायचं आहे."

हिंदुरावांनी कारण विचारले नाही. त्यांनी शर्टाला इस्त्री केली, मग उत्साहाच्या भरात तिच्या शालीलाही केली.

*

"ये, सूर्यवंशी."

माहेरचे आडनाव इतक्या वर्षांनी कुणी हाकेसारखे वापरले होते. खेळाडू एकमेकींना आडनावानेच हाका मारत. नावे घरच्यांसाठी असत. टेबलापलीकडची बाई साठीची होती, केस पांढरे, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि खुर्चीत बसूनही किंचित पुढे झुकलेली, जणू कुणाचा तरी घोटा केव्हाही हाती लागेल.

"मुजावर," वैजयंता म्हणाली. "जाड झालीस."

"तू वाळलीस. तुझं आजारानं, माझं वयानं. बस." तस्लीमने हिंदुरावांकडे पाहिले. "आणि हे?"

"मी नवरा," हिंदुराव अदबीने म्हणाले. "तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय."

"चांगलं काही?"

"आता सुरुवात होईल असं वाटतंय."

तस्लीम हसली. वैजयंताला ते हसू आवडले आणि आवडल्याचा राग आला.

"मला वाटलं होतं तू नागपूर घेशील," तस्लीम म्हणाली.

"घेणार होते. लांब पडतं."

"हो ना. इथून तासगाव पायावर. हरलीस तर चालत घरी जाता येतं."

मग ती गंभीर झाली. तिने चित्र लावले, आणि वैजयंताला वाटले की हिचा आवाज आता बदलला: खालच्या पट्टीत आला, स्वच्छ झाला. पूर्वी या उपचाराला पाच-पाच आठवडे लागत, ती म्हणाली. रोज थोडा किरण, रोज थोडी होरपळ. आता क्षणकिरण आहे. सगळी मात्रा अर्ध्या सेकंदाच्या आत. इतक्या वेगाने गेलेला किरण रोगाच्या पेशींना मारतो, पण निरोगी पेशींना त्याची झळ बरीच कमी लागते, जशी निखाऱ्यावरून भरभर चालणाऱ्याच्या तळव्यांना लागत नाही. अडचण एवढीच की पूर्वी चुकलेला एक दिवस दुसऱ्या दिवशी सावरता येई. इथे दुसरा दिवस नाही. नेम एकच.

"तू पूर्ण श्वास भरलास की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून बोटभर मागे सरतं. त्या बोटभर फटीत मला काम करायचं आहे. यंत्राला नेम लावायला वीस सेकंदांची स्थिरता लागते, मग ते मला खूण करतं. खूण झाल्यावर सोडायचं कधी, ते मी ठरवते. तोवर दम धरायचा. तुला काय, खेळ आहे."

वैजयंताने मान हलवली. खेळ होता खरा.

सराव त्याच दिवशी ठेवला होता. खोली थंड, पांढरी. छताला कुणीतरी कडुलिंबाच्या फांद्यांचे मोठे चित्र लावले होते, पडून पाहणाऱ्यांसाठी. वैजयंता हात डोक्यामागे घेऊन आडवी झाली. यंत्राच्या कमानीचा गुणगुणणारा आवाज आला. काचेपलीकडे जायचे सोडून तस्लीम तिच्या डोक्याशीच उभी राहिली. सरावात किरण नसतो, त्यामुळे ते चालत होते.

"भर. धर."

वैजयंताने श्वास भरला. पडद्यावरची रेषा चढली, सपाट झाली. पंधरा. अठरा. वीस. यंत्राने हिरवा दिवा दिला: स्थिर.

"सोड," तस्लीम म्हणाली. "पुन्हा."

पुन्हा हिरवा दिवा. पुन्हा "पुन्हा". चौथ्या वेळी वैजयंताच्या ध्यानात आले की ही बाई पडद्याकडे एकदाही पाहत नाही. ती तिच्या गळ्याच्या खळगीकडे पाहते आहे.

"चोरलास," तस्लीम म्हणाली.

"नाही." शब्द आपोआप आला, घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखा.

तस्लीमने वाद घातला नाही. तिने स्टूल ओढले आणि वैजयंताच्या कानाशी बसली, म्हणजे दोघींची डोकी एका पातळीवर आली. कडुलिंबाची फांदी दोघींवर होती.

"ऐक. यंत्र त्याला थरथर समजतं आणि सरासरीत विरघळवून टाकतं. पण तुझी छाती तिथे तीन मिलिमीटर खाली जाते आणि परत वर येते. त्या तीन मिलिमीटरात तुझं काळीज पुढे येतं. यंत्राने दिवा दिल्याबरोबर सोडणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, चांगले आहेत. त्या वेळी तुझी छाती अजून वर चढत असते. तुझ्या प्रतिदेहाने श्वास घेतला तोही तुझ्यासारखाच, चोरीसकट. म्हणून तर बाकीच्यांच्या हातून सहा भाग आले."

"आणि तुझ्या हातून एक का?"

"मी पहिली स्थिरता कधीच धरत नाही. कोपऱ्यात उभं राहून शिकले. चढाईवाली स्थिर दिसते तेव्हा ती स्थिर नसते. तिचं काहीतरी चाललेलं असतं. ते होऊन जाऊ द्यायचं. सांगडला माझी ही सवय कळली, कारण नाही कळलं. तिला वाटत असेल, म्हातारी हळू आहे."

वैजयंताला हसू आले. रेषा पडद्यावर थरथरली.

"पण आता मला तुझ्याकडून एक पाहिजे," तस्लीम म्हणाली. "हे कधीतरी होतं, का दर वेळी होतं? चूक असेल तर ती कुठेही येईल, दहाव्या सेकंदाला, पंचविसाव्याला. मग मी तिची वाट पाहू शकत नाही. मला तुला पंधरा दिवस श्वास शिकवावा लागेल आणि तरी खात्री नाही. सवय असेल तर ती घड्याळासारखी येईल, आणि तिच्या पुढचे दहा-अकरा सेकंद तू दगडासारखी असशील. ते मला पुरतात. पट्ट्याने सात दिवसांचं सांगितलं. आयुष्याचं तूच सांगू शकतेस. चूक का सवय?"

खोलीत यंत्राची गुणगुण होती. काचेपलीकडे तंत्रज्ञ बाई काहीतरी लिहीत होत्या. त्यांच्या मागे हिंदुराव इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. वैजयंताला कळत होते की ती एका रेषेवर उभी आहे आणि तिच्या मागे तासगाव आहे: ढाली, फोटो, शेकडो मुली, एक वाक्य. आणि पुढे बोटभर फट आहे. एवढ्याशा फटीत अजून किती सकाळी मावतील, किती शिट्ट्या, किती धुळीने माखलेले गुडघे. माणसाच्या अब्रूला मोठी जागा लागते. जगायला बोटभरही पुरते.

"सवय आहे," ती म्हणाली.

आवाज फुटला नाही. तिला वाटले होते की काहीतरी कोसळेल. उलट छातीवरून कुणीतरी दगडी पाटा उचलल्यासारखे झाले.

"कधीपासून?"

"बाराव्या वर्षापासून. फुंकणीनं चूल पेटवायचे. दर वेळी होतं. एकोणिसाव्याला." मग, कारण अर्धे सांगणे तिच्या स्वभावात नव्हते, "त्या दिवशीही एकोणिसाव्यालाच झालं होतं."

जिंकल्याची खूण तस्लीमच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडेना. तिने फक्त वैजयंताच्या खांद्यावरची सरकलेली चादर वर ओढली.

"मुलींना सांगायला लागेल," वैजयंता छताकडे पाहत म्हणाली. "कोमलला तर आधी."

"आधी हृदय वाचवू. अब्रूचं मंगळवारी बघू. भर. धर."

*

उपचार सोमवारी सकाळी दहाला होता. हिंदुराव साडेआठलाच हजर झाले, डब्यात घारगे घेऊन, आणि काचेपलीकडच्या बाकावर बसून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की आत जिची चढाई आहे ती त्यांची बायको.

या वेळी तस्लीम काचेच्या पलीकडे होती. खोलीत वैजयंता एकटी, कमानीखाली, कडुलिंबाखाली. आवाज तेवढा कानाशी आला.

"सूर्यवंशी, तयार?"

"हो."

"काही मागणं?"

"ओठ हलवू का? आवाज न काढता. गप्प राहून दम धरायची सवय नाही."

पलीकडे क्षणभर विचार झाला. "हलव. हनुवटी हलवू नकोस."

तिने श्वास भरला. खोल, पोटाच्या तळापर्यंत, जसा ती मैदानात शिरताना मातीला हात लावून भरत असे. तिचे हृदय, तिला न कळता, बोटभर मागे सरले. ओठ हलू लागले. कबड्डी कबड्डी कबड्डी. पाच. आठ. अंगणात सारवण वाळल्याचा वास तिला कुठून तरी आला. बारा. मनातल्या मैदानात सात जणी समोर, इस्पितळाच्या फिकट निळ्या कपड्यांत, हातात हात गुंफलेल्या. पंधरा. त्यातली कुणीच तिला मारायला उभी नव्हती. प्रत्येकीला फक्त ती घरी जाताना पाहायची होती. अठरा. एकोणीस: नाकपुड्या किंचित फुलल्या, श्वासाचा एक घोट आत आला, जुना, ओळखीचा, धुरकट. तो लपवायचे कारण राहिले नव्हते, आणि पहिल्यांदाच तो गोड लागला.

वीस. हिरवा दिवा. पलीकडे कुणी हलले नाही. एकवीस. बावीस.

तेवीस.

काहीच झाले नाही. प्रकाश नाही, ऊब नाही. कमानीत कुठेतरी टिचकी वाजावी तसा आवाज.

"सोड," कानाशी तस्लीम म्हणाली.

"म्हणजे? कधी मारणार?"

"झालं."

"एवढंच?"

"अर्धा सेकंदही नाही. तू तर तीस सेकंद मैदानात फिरायचीस आणि रिकाम्या हाताने यायचीस."

पडद्यावर आकडे उतरत होते. रोगाची जागा पुरती झाकली गेली होती. हृदयाला मिळालेला भाग सांगडने वर्तवला होता त्याहूनही थोडा कमी होता: शंभरात एकही पुरा नाही. काचेपलीकडे हिंदुराव उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या हातातला डबा उघडा होता. तंत्रज्ञ बाईंच्या हातात घारगा होता, झाडूवाल्या मावशींच्या हातात घारगा होता, आणि स्वतः हिंदुराव दोन्ही डोळे शर्टाच्या इस्त्री केलेल्या बाहीने पुसत होते. वैजयंता उठून बसली. पाय जमिनीला टेकले. पाय हलके होते. तिला तिथल्या तिथे, त्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर, मध्यरेषेपर्यंत धावत जावेसे वाटले.

कपडे बदलून ती बाहेर आली तेव्हा तस्लीम मार्गिकेत उभ्याने घारगा खात होती.

"तीन महिन्यांनी ये. तोवर मैदानावर जा, पण उन्हात नको. त्वचा लाल झाली तर फोन कर. मला, मधल्या माणसाला नाही."

"थोरल्या दादाला सांगतो," हिंदुराव खुशीत म्हणाले. "म्हणावं, आमचा बी आता मिरजेत माणूस हाय." आणि ते गाडी आणायला गेले.

दोघीच उरल्या. खिडकीतून येणारे ऊन फरशीवर लांबट पट्ट्यात पडले होते. वैजयंता त्या पट्ट्याकडे पाहत होती. तिच्या मनात मैदान पुन्हा एकदा उलगडत होते, पण या वेळी घाव म्हणून नव्हे, नकाशा म्हणून. नवऱ्याचा गुण लागला असावा. इतक्या वर्षांत तिने तो सामना हजार वेळा सांगितला होता, पण लपवण्यासारखे काही असताना माणूस फक्त स्वतःकडे पाहतो. आज प्रथमच तिला बाकीचे मैदान दिसले.

"मुजावर," ती सावकाश म्हणाली, "तू डाव्या कोपऱ्यात होतीस."

"होते."

"मी दोघींना शिवून वळले होते. माझं तोंड मध्यरेषेकडे, पाठ तुझ्याकडे. आवाज तर माझा थांबलाच नव्हता, पंचांनाही ऐकू येत होता."

तस्लीमने घारग्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

"गळ्याची खळगी तुला दिसत नव्हती. नाक दिसत नव्हतं. तू माझ्या वेणीमागे होतीस." वैजयंताच्या स्वरात राग नव्हता, तिथे काहीतरी उकळी फुटल्यासारखे वर येत होते, आणि ते हसू आहे हे तिला आत्ता कळत होते. "मग खरं सांग. त्या दिवशी तुला माझा श्वास दिसला होता, का तू नुसतीच ओरडलीस?"

तस्लीमने रुमालाला बोटे पुसली, एकेक करून, काळजीपूर्वक. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. काहीतरी बोलणार असे वाटले, पण तिने बाकावरच्या कागदांतून वरचा कागद उचलला, पुढच्या रुग्णाचे नाव स्वच्छ आवाजात पुकारले, आणि वैजयंताकडे पाठ करून, गरजेपेक्षा थोडी जास्तच भरभर, मार्गिकेच्या टोकाकडे निघून गेली.